हाउन्सलोची ‘स्वतंत्र’ मुलगी

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, तरी हाउन्सलोची ती मुलगी अजूनही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. लंडनच्या पोलीस दलात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षे मुलांवरील अत्याचारांच्या तपासात गेली. त्या कामात माणूस पुष्कळ काही पाहतो. मारहाण पाहतो, उपासमार पाहतो. या प्रकरणात मात्र कुणी कुणावर हात उगारला नव्हता. मुलीच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तरीही मला विचाराल तर मी पाहिलेल्या कठोर गुन्ह्यांपैकी तो एक होता. नावे मी कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली माणसे अजून याच शहरात आहेत, आणि इथले मराठी जग फार छोटे आहे.

सुरुवात एका फोनने झाली. जानेवारीतली सकाळ होती. फोनवरची बाई इंग्रजीत सुरू करते आणि मध्येच कुठल्यातरी भारतीय भाषेत शिरते, असे सांगून फ्रंट डेस्कवरच्या सहकाऱ्याने तो फोन माझ्याकडे जोडून दिला. आमच्या मजल्यावर गुजराती आणि पंजाबी बोलणारे बरेच होते, मराठी बोलणारा मी एकटा. मी दहाव्या वर्षी कोल्हापूरहून इथे आलो, पण आईने घरात इंग्रजी चालू दिले नाही, म्हणून भाषा टिकली.

“तुम्ही मराठी आहात का?” बाईने विचारले.

“हो. बोला.”

“माझं नाव विचारू नका. हाउन्सलोला एक मुलगी एकटी राहते. शाळेत जाणारी आहे. तुम्ही फक्त एकदा तिला बघून या.” तिने घाईघाईने पत्ता सांगितला. पाठीमागे तान्हे मूल रडत होते. “आणि मी फोन केला हे कुणाला कळू देऊ नका,” एवढे म्हणून तिने फोन ठेवला.

निनावी फोन करणारी माणसे साधारण दोन प्रकारची असतात. ज्याला सूड उगवायचा असतो तो खूप बोलतो, दहा आरोप करतो, अमक्याला आत टाका म्हणतो. जो खरोखर काळजीत असतो तो थोडेच बोलतो आणि कुणालाही शिक्षा करा म्हणत नाही. या बाईने फक्त ‘बघून या’ म्हटले होते. मी फोनची नोंद केली, माझ्या हाताखालच्या वेल्श महिला कॉन्स्टेबलला सोबत घेतले आणि शाळा सुटण्याच्या सुमाराला हाउन्सलोला पोहोचलो.

घर विमानांच्या वाटेखाली होते. दर थोड्या वेळाने विमान इतके खालून जाई की बोलणे थांबवावे लागे. खाली दोन खोल्या, वर तीन. भाडेकरू सगळे विमानतळावर पाळ्यांनी काम करणारे. वरच्या मागच्या खोलीचे दार एका मुलीने उघडले. शाळेचा ब्लेझर अजून अंगावर होता. सडपातळ, चष्मा लावणारी, नजर सरळ. मी ओळखपत्र दाखवले आणि मराठीत बोललो तेव्हा ती किंचित दचकली, मग सावरून म्हणाली, “या ना. माझा खोली छोटा आहे, सॉरी. चहा घेणार? पण दूध संपला आहे.”

इथे जन्मलेल्या मुलांचे मराठी असेच असते. शब्द घरातले आणि लिंग-वचन नशिबावर सोडलेले. मला त्याचे कधी हसू येत नाही. जेवढे टिकले तेवढ्याचे कौतुक वाटते.

खोली स्वच्छ होती. एक पलंग, टेबल, किटली, टोस्टर, भिंतीवर गणिताची सूत्रे. मुलगी सोळा वर्षांची, शाळेच्या मोठ्या परीक्षेच्या वर्षात. शाळा वेम्बलीला. रोज बस आणि ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, बदलत जायची आणि परत यायची. शाळेला यातले काहीही ठाऊक नव्हते.

“आई-वडील कुठे आहेत?” मी विचारले.

“आई नाही आहे. मी बारा वर्षांचा असताना... असताना ती गेली. डॅड वेम्बलीला राहतात. पण आय ॲम इमॅन्सिपेटेड. लीगली.”

तिने फोन काढून पडद्यावरचा एक कागद आम्हाला दाखवला. वर कोर्टाचे नाव, खाली गोल शिक्का, मध्ये मजकूर : अमुक अल्पवयीन व्यक्ती तिच्या पालकांच्या ताब्यातून आणि जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.

माझ्या सहकारिणीने माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही पहिल्या ओळीतच कळले होते. इंग्लंडमध्ये मुलाने आई-वडिलांपासून कायद्याने मुक्त होण्याची सोयच नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत कोर्टात तसा अर्ज करता येतो, मालिकांमधून आणि इंटरनेटवरून इथल्या मुलांना ते माहीत असते, आणि इथेही तसेच असेल असे त्यांना वाटते. इथे सोळाव्या वर्षी मूल घर सोडून राहू शकते, पण पालक आपल्या जबाबदारीतून अठराव्या वर्षापर्यंत सुटत नाहीत. कागदात कोर्टाचे जे नाव होते ते कोर्ट तर या देशात कुठेच नव्हते.

मी तिला हे शांतपणे सांगितले. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“नो. त्याच्यावर स्टॅम्प आहे.”

“शिक्का खोटा आहे, बाळा. असा हुकूम इथलं कुठलंच कोर्ट देत नाही.”

 वरून एक विमान गेले. मग ती ताठ बसली आणि म्हणाली, “ओके. मीच बनवला. कॉम्प्युटरवर. डॅडना काही माहीत नाही. मी त्यांना फसवला.”

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर कॉन्स्टेबलला ते पटले. त्यात तिची चूक नव्हती. हुशार, हट्टी, आई नसलेली मुलगी खोटा कागद करून घर सोडते, ही गोष्ट सहज पटण्यासारखीच होती. पण मला वेगळेच काही दिसत होते. हुकूम खोटा आहे हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला होता. त्यात पकडले गेल्याची भीती नव्हती, कागदावरचा विश्वास तुटल्याचा धक्का होता.

“बरं,” मी म्हटले, “घर का सोडलंस?”

तिने नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि म्हणाली, “मी पूर्ण विचारांती आणि स्वखुशीने पालकांचे छत्र सोडले आहे.”

एकही चूक नाही. ज्या मुलीचे दूध ‘संपला’ होता तिच्या तोंडून हे वाक्य अस्खलित बाहेर पडले. मी लगेच विचारले, “छत्र म्हणजे काय गं?”

ती गोंधळली. “छत्र... अम्ब्रेला, राइट?”

पाठ केलेले वाक्य आणि मनातले वाक्य यांतला फरक ओळखणे हे अर्धे पोलीसकाम आहे. हे वाक्य तिचे नव्हते. कुणीतरी मोठ्या, शिकलेल्या, मराठी बोलणाऱ्या माणसाने ते तिच्याकडून घोटून घेतले होते.

मी बाहेर येऊन इन्स्पेक्टरना फोन केला. मूल धोक्यात असेल तर त्याला काही दिवसांपुरते पोलिसांच्या संरक्षणात घेण्याचा अधिकार आम्हाला आहे, तो आम्ही वापरला. कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, सोशल वर्कर तासाभरात आली. मुलगी भांडली. “यू कान्ट डू धिस. मी फ्री आहे,” असे म्हणत राहिली. पण कोट घालताना सोशल वर्करने तिचा मफलर नीट केला तेव्हा तिने मान पुढे केली, आणि मग रडू आवरेना. त्या संध्याकाळी ती कौन्सिलने नेमलेल्या, अशा मुलांचा सांभाळ करणाऱ्या एका कुटुंबाकडे राहायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेम्बलीला वडिलांकडे गेलो. फायनान्समध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेला, मूळचा पुण्याचा, आता इथला नागरिक. पन्नाशीच्या आतला, मृदू बोलणारा, नेटका माणूस. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन करणारा. हॉलमध्ये बांधाबांध चालली होती, खोक्यांवर चिकटपट्ट्या लावून तयार होत्या.

“कुठे निघालात?”

“सिंगापूर. प्रमोशन आहे. पुढच्या आठवड्यात आमची फ्लाइट.”

“आमची म्हणजे?”

“मी, मिसेस आणि बाळ.” मुलीचा विषय काढल्यावर त्याने दीर्घ श्वास घेतला. “अहो, काय सांगू तुम्हाला. आई गेल्यापासून ती हाताबाहेर गेली. मी दुसरं लग्न केलं तेव्हा तर रोजची भांडणं. शेवटी तीच म्हणाली, मला वेगळं व्हायचंय. सोळा पूर्ण झाली की इथला कायदा मुलांच्याच बाजूने, तुम्हाला तर माहीतच आहे. तिने पूर्ण विचारांती निर्णय घेतला. मी आड आलो नाही.”

‘पूर्ण विचारांती’ हे शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

तेवढ्यात त्याची पत्नी चहा घेऊन आली. कडेवर बाळ. “साखर घालू?” तिने विचारले. आवाज तोच होता. फोनवरचा. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी ओळखले हे तिला कळले. तिने कप माझ्यासमोर ठेवला. मी म्हटले, “अर्धा चमचा,” आणि नवऱ्याशी सिंगापूरच्या हवेबद्दल बोलत राहिलो.

ती येणार याची मला खात्री होती. नवरा कामावर गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी, बाळाला प्रॅममध्ये घेऊन ती आमच्या पोलीस स्टेशनवर आली. मी तिला आतल्या छोट्या खोलीत बसवले. कॉन्स्टेबलने बाळाला उचलून घेतले.

“साहेब, आधी एकच सांगा,” ती म्हणाली. “असा कायदा खरंच आहे का? मुलीला आई-वडिलांपासून सोडवून देणारा?”

“नाही. इथे नाही.”

तिने डोळे मिटले. “मला वाटतच होतं. पण मी लग्न होऊन आले, मला इथलं काय कळतं? हे म्हणाले, कोर्टाने तिला मोकळं केलंय, आता आपण तिला भेटणंसुद्धा बरोबर नाही. मी म्हटलं, अहो, कोर्ट असं कसं म्हणेल? तर म्हणाले, तू यात पडू नकोस.”

“ती तुमच्याशी कशी वागायची?”

“भांडायची. मला मावशी म्हणायची, पण भांडायची. एकदा माझ्या अंगावर ताट आपटलं होतं. पण साहेब, त्याच रात्री बाळ रडत होतं तर तीच उठली. तिच्या वयाची मुलगी भांडणारच ना? तिची आई गेलीय.”

ती घर सोडून कधी गेली, असे मी विचारले. शरद ऋतूतल्या शाळेच्या सुट्टीत, असे तिने सांगितले. मुलीचा सोळावा वाढदिवस त्यानंतर होता.

इथे थोडा कायदा सांगायला हवा. मूल सोळा वर्षांचे होण्याआधी त्याला जाणूनबुजून वाऱ्यावर सोडले तर तो फौजदारी गुन्हा होतो. सोळानंतर तेच कलम लागत नाही. हे त्या माणसाला नीट माहीत होते, म्हणूनच त्याने बोलण्यात ‘सोळा पूर्ण झाली की’ हे शब्द पेरले होते. खोट्या हुकुमाचा गुन्हा वेगळाच. पण मला दोन्ही हवे होते, कारण कागद खोटा केला ही त्याच्या अपराधातली लहान बाजू होती.

मुलीची व्हिडिओ मुलाखत मीच घेतली. सोफा, खेळणी, मऊ दिवे असलेली ती खोली, शेजारी सोशल वर्कर. मी कागदाबद्दल विचारलेच नाही. विचारले, “तुझा सोळावा वाढदिवस कसा झाला?”

ती एकदम हसली, आणि हसू अर्ध्यात थांबले. “फाइन. मी नूडल्स बनवला. मावशीने व्हॉइस नोट पाठवला.”

“कुठे होतीस?”

“माझ्या रूममध्ये. हाउन्सलोला.”

“डॅड आले होते?”

तिने मान हलवली. मग खूप हळू म्हणाली, “त्यांची चूक नाही आहे. मीच म्हटला होता. एका भांडणात. आय विश आय वॉज इमॅन्सिपेटेड फ्रॉम यू. मी ओरडला. मग डॅड थोड्या दिवसांनी म्हणाले, ओके, मी सगळा अरेंज केलं. रूम, रेंट, कोर्टाचा पेपर. तुला हवं होतं ना? मग मी कसं नाही म्हणणार? मीच मागितला होता.”

सोशल वर्कर, जी मराठी जाणत नव्हती, तिनेही मान खाली घातली. मुलीचा आवाज समजायला भाषा लागत नव्हती.

“आणि ते वाक्य? छत्राचं?”

“डॅड म्हणाले, कुणी विचारला तर हे सांग. रोज म्हणायला लावला. मला वाटलं, मी गेली तर बाळाला शांत घर मिळेल.”

वडिलांना आम्ही त्याच दिवशी अटक केली. लॅपटॉप ताब्यात घेतला आणि त्यात तो हुकूम मिळाला, आधीच्या तीन कच्च्या प्रतींसह. त्याचा सॉलिसिटर चांगला होता. त्याने अशिलाला गप्प राहायला सांगितले होते, आणि पहिला बराच वेळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर आले, “नो कॉमेंट.”

गप्प बसलेल्या माणसाला आरोपाबद्दल विचारत राहण्यात अर्थ नसतो. ज्या गोष्टीचा त्याला अभिमान आहे तिच्याबद्दल विचारावे. या माणसाला आपण आदर्श बाप आहोत याचा अभिमान होता. मी मुलीच्या गणिताचे कौतुक केले. तो थोडा सैल झाला. मग मी म्हटले, “तिचा सोळावा वाढदिवस तुम्ही विसरलात, असं दिसतंय.”

“विसरलो?” तो ताडकन म्हणाला. सॉलिसिटरने त्याच्या बाहीला हात लावला, पण तो थांबला नाही. “वाढदिवस मी स्वतः केला. घरी. केक होता, सगळे होतो.”

“ती घरी होती?”

“अर्थात. सोळा पूर्ण झाल्यावरच गेली ती.”

“त्या संध्याकाळी एकाच घरात होता सगळे?”

“हो.”

मी मुलीच्या फोनमधली व्हॉइस नोट लावली. त्याच्या पत्नीचा दबका आवाज खोलीभर पसरला : “वाढदिवसाच्या शुभेच्छा गं. तुझ्यासाठी रव्याचा केक केलाय, पण तुझ्यापर्यंत कसा पोचवू कळत नाही. ते येऊ देत नाहीत. नीट जेव. खोलीचं दार आतून लावून घेत जा.”

मी विचारले, “एकाच घरातल्या मुलीला दार आतून लावून घे, असा निरोप कशाला पाठवावा लागला?”

 त्याचा मृदूपणा गेला होता, पण त्याला राग आलेला नव्हता. थकलेला दिसत होता. “तिनेच मागितलं होतं,” तो म्हणाला. “मला नव्याने सुरुवात करायची होती. रोज घरी आलो की भांडण. तिच्यात मला तिची आई दिसायची. आणि सोळाला काही दिवसच राहिले होते. त्या थोड्या दिवसांनी काय फरक पडतो?”

सॉलिसिटरने पेन खाली ठेवले. मी म्हटले, “तिला पडला.”

सरकारी वकिलांनी दोन्ही आरोपांना मंजुरी दिली. त्याचा पासपोर्ट जमा झाला, सिंगापूरचे विमान त्याच्याशिवाय गेले. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी तुरुंगवासाची शिक्षा स्थगित ठेवली, पण निकाल वाचताना एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली : मुलाने रागाच्या भरात केलेली मागणी ही पालकाची सुटका नसते.

मुलीचे काय करायचे, हा प्रश्न कौन्सिलपुढे होता. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मावशी जिथे आहे तिथे.” आम्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले, मावशीला नाही. तिने नवऱ्यापासून वेगळे राहायला सुरुवात केली होती आणि विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत नोकरी धरली होती. चौकशा झाल्या, घर पाहिले गेले, कागदपत्रे झाली. मावशी, बाळ आणि मुलगी असे तिघांचे बिऱ्हाड मान्य झाले. वडील महिन्यातून एकदा येऊन भेटत. पहिल्या काही भेटींत मुलगी त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही, पण ते येत राहिले. हेही नोंदवायला हवे.

मी निवृत्त झाल्यानंतर एका शनिवारी ईलिंग रोडवर भाजी घेत होतो. दुकानात दोन बायकांचा आवाज चढलेला. एक मावशी, दुसरी ती. मुलगी आता मोठी झाली होती, साउथहॅम्प्टनला विद्यापीठात जायची होती.

“मला प्रेशर कुकर नको आहे! तिथे किचन शेअर्ड आहे. आय ॲम एटीन, मावशी. ॲडल्ट. कायद्याने.”

“असशील. कुकर गाडीत ठेवलाय मी. आणि उगाच आवाज चढवू नकोस, लोक बघतायत.”

“बघू दे!”

दोघी तशाच भांडत गाडीकडे गेल्या. बाळ, म्हणजे आता चांगला चालणारा मुलगा, दोघींची बोटे धरून मधे होता. मी त्यांना हाक मारली नाही. पोलीस ज्यांच्या आयुष्यात आलेला असतो त्यांना तो रस्त्यात पुन्हा भेटू नये, हे बरे.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. नोकरीत मला ‘मला तुमच्यापासून मोकळं व्हायचंय’ असे आई-बापांना म्हणालेली कितीतरी मुले भेटली. त्यातल्या काहींना खरोखर सोडवावे लागले, आणि त्यांच्यासाठी कायद्याने पूर्ण ताकदीने उभे राहिले पाहिजे. पण बहुतेक मुले हे वाक्य म्हणतात ते समोरचा माणूस ‘नाही’ म्हणेल या भरवशावर. तो भरवसा खरा ठरवणे एवढेच मोठ्यांचे काम. मुलगी दार आपटून आत जाते, तुम्ही बाहेर ताट वाढून ठेवता. ती जेवणार नाही म्हणते. तुम्ही ताट उचलत नाही.